आधी धुरा, मग खत

चामोर्शी तालुक्यात मार्कंड्याला वैनगंगा उत्तरेकडे वाहते. त्याच काठच्या एका गावातली ही गोष्ट. आषाढ अर्धा सरला तरी पावसाची उघडीप होती. धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, पंचवीस दिवसांचे झाले, आणि मग एका रात्री पाऊस असा कोसळला की सकाळी बांध्या धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, काठोकाठ भरल्या.

गावातला एक तरणा शेतकरी कामाला लागला. चामोर्शीहून खत आणायचं, ट्रॅक्टरवाल्याला चिखलणीचं सांगायचं, रोवणाऱ्या बायांना निरोप द्यायचा. गाडीला किक मारणार, तोच शेजारचा म्हातारा म्हणाला, "बापू, तुझ्या धुऱ्याले खेकड्यानं भोक पाडलं हाये. आधी ते बुजव, मंग जाय."

"जरासंच तं काम हाये काका, आल्यावर करतो."

खेकड्याचं बीळ आधी बोटभरच दिसतं. वर पाण्याचा लहानसा भोवरा फिरतो, तेवढीच खूण. पण पाणी त्यातून धावू लागलं की कडेची माती खात जातं. दुपारी धुरा फुटला. संध्याकाळी तो परतला तेव्हा खत आलं होतं, ट्रॅक्टर ठरला होता, बायाही ठरल्या होत्या. बांधीत पाणी मात्र नव्हतं, सगळं नाल्याला लागलं होतं.

त्याला आळशी म्हणणं अन्यायाचं होईल. दिवसभर तो राबला, आणि त्यातलं एकही काम वायफळ नव्हतं. पण ती कामं उद्या झाली असती तरी चाललं असतं, पाणी काही उद्यापर्यंत थांबणार नव्हतं. पाण्यावाचून चिखलणी नाही, चिखलणीवाचून रोवणा नाही, आणि रोवण्यावाचून खताचं पोतं काय कामाचं? जे थांबत नाही आणि ज्यावर बाकीचं सगळं उभं आहे, ते काम कितीही छोटं दिसो, पहिला मान त्याचा. तानाजी मालुसरे पोराचं लग्न बाजूला ठेवून १६७० साली कोंढाण्यावर गेले असं सांगतात, ते याच हिशेबानं.

म्हाताऱ्यानं त्या सकाळी आपल्या धुऱ्याची भोकं गवत आणि चिकणमाती कोंबून, टाचेनं दाबून बुजवली होती. दुसऱ्या दिवशी तरण्यानं ठरवलेल्या बाया म्हाताऱ्याच्याच बांधीत रोवायला उतरल्या. तरण्याचा रोवणा पुढच्या पावसावर गेला, आणि तोवर पऱ्हे जून झाले. जून पऱ्ह्यांना फुटवे कमी येतात.

रात्री पाऊस झाला असेल, तर सकाळी चहाच्या आधी फावडं घ्या आणि धुऱ्यावरून एक फेरी मारून या.