गॅलिलिओची न वाकणारी तुळई

1638 साली लायडेनमध्ये छापलेल्या गॅलिलिओच्या शेवटच्या ग्रंथात हाडांचे एक चित्र आहे. एक लहानसे हाड आणि त्याच्याजवळ तिप्पट लांबीचे, बेढब वाटावे इतके जाड दुसरे हाड. मोठा प्राणी लहान प्राण्याइतकाच भक्कम राहायचा तर त्याचे हाड लांबीच्या प्रमाणात जाड करून भागत नाही. वजन घनाच्या हिशेबाने वाढते, हाडाचा छेद मात्र वर्गाच्या. म्हणून दंतकथेतला राक्षस माणसाच्या बांध्याचा असूच शकत नाही, असा त्याचा युक्तिवाद. फ्लॉरेन्सजवळ आर्चेत्रीला नजरकैदेत असलेल्या गॅलिलिओची दृष्टी पुस्तक छापून होईपर्यंत गेलेली होती. शरीराचे बळ मोजता येते, त्याला भूमिती असते, ही कल्पना मांडण्याचे मोठे श्रेय त्याचेच.

पण त्याच ग्रंथात एक तुळई आहे. भिंतीत एका टोकाला रोवलेली, दुसऱ्या टोकाला वजन टांगलेली. ती कधी मोडेल याचे गणित करताना गॅलिलिओने गृहीत धरले की ती आधी जराही वाकत नाही, तिचा कुठलाही भाग ताणला जात नाही. अखंड असते आणि एका क्षणी मोडते. त्यामुळे त्याचे उत्तर काचेसारख्या ठिसूळ पदार्थालाही जवळजवळ तिपटीने मोठे येते. पुढे फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ मारिओतने, व्हर्सायच्या पाण्याच्या नळांच्या कामात असताना, हे ताणणे हिशेबात धरले. ते तपशील इंजिनिअरांसाठी सोडून देऊ. मला त्या तुळईत एक जुना आणि अजूनही न गेलेला समज दिसतो. बळकट म्हणजे न हलणारे, न वाकणारे. शरीराच्या बळाविषयी गेल्या पावणेचारशे वर्षांत जे कळले, त्यातले बरेचसे हा समज हळूहळू सोडण्यातून कळले.

पहिला धक्का लंडनमधून बसला. रॉबर्ट हुकने आपला नियम आधी अक्षरांची उलटापालट करून कोड्यात दडवला आणि 1678 मध्ये उघड केला: स्प्रिंग जितकी ताणावी तितक्या प्रमाणात ती उलट ओढते. कोड्यात शोध दडवणे ही त्या काळाची पेटंट-पद्धत म्हणायची, आणि हुकसारख्या संशयी माणसाला ती शोभणारीच. पण हा नियम फक्त घड्याळाच्या स्प्रिंगचा नाही, असे त्याने स्पष्ट लिहिले. लाकूड, दगड, केस, शिंग, रेशीम यांच्याबरोबर त्याने हाडे आणि कंडराही (स्नायूंना हाडांशी जोडणारे पट्टे) त्या यादीत घातल्या. म्हणजे हाडसुद्धा ताणले जाते, आणि ताणले जाते म्हणूनच भार पेलते. हाडाच्या बाबतीत तो बराचसा बरोबर निघाला. कंडरांच्या बाबतीत नाही, हे कळायला दीडशेहून अधिक वर्षे लागली.

इटलीच्या बोरेल्लीचे नाव इथे घ्यायलाच हवे, कारण त्याला न्याय मिळत नाही असे मला वाटते. त्याच्या मृत्यूनंतर 1680–81 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने दाखवले की स्नायू सांध्याच्या अगदी जवळ जोडलेले असल्याने हातात धरलेल्या वजनाच्या कितीतरी पट जोर त्यांना लावावा लागतो, आणि तो सारा भार सांध्यावर येतो. अलीकडच्या काळात बर्लिनमध्ये कृत्रिम खुब्यात मापक बसवून घेतलेल्या मोजमापांत साध्या चालण्यातही खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट भार दिसला. ठेच लागून तोल गेला तर आठ पटींहून जास्त. आपले वजन हाडांवर पडते, असे आपण म्हणतो. हाडांवर त्याहून कितीतरी जास्त पडते ते आपल्याच स्नायूंचे.

मऊ अवयवांकडे लक्ष जायला एक पाद्री कारणीभूत ठरला. टेडिंग्टनच्या स्टीफन हेल्सने घोडीच्या धमनीत पितळी नळी बसवून तिला उभी काचनळी जोडली. रक्त आठ फुटांवर चढले. 1733 च्या त्याच्या पुस्तकात आणखी मोलाचे निरीक्षण आहे. हृदय ठोक्याठोक्याने रक्त ढकलते, तरी पुढे ते बऱ्यापैकी सलग वाहते. कारण आगीच्या बंबातल्या हवेच्या पेटीप्रमाणे धमन्या फुगून धक्का साठवतात आणि मग परत देतात. आजच्या आकड्यांत सांगायचे तर हृदय एका ठोक्याला साधारण 70 मिलिलिटर रक्त बाहेर टाकते आणि त्यातले सुमारे निम्मे महाधमनीच्या फुगण्यात क्षणभर थांबते. इथे लवणे हेच अवयवाचे काम आहे. ताठ महाधमनी फुटणार नाही कदाचित, पण हृदयाला दमवेल. ज्याच्या नावाने पदार्थाचा ताठपणा मोजतात तो टॉमस यंग पेशाने डॉक्टर होता आणि 1808 मध्ये त्याने हृदय व धमन्यांवर व्याख्यान दिले होते, हे भौतिकशास्त्राच्या वर्गात क्वचितच सांगितले जाते.

मग 1847 मध्ये पॅरिसमध्ये गियोम वेर्टहाइमने माणसाच्या शरीरातले पदार्थ एकेक करून ताणून पाहिले: हाड, कंडरा, स्नायू, नसा, धमन्या, शिरा. हाड हुकच्या सरळ रेषेत वागले. बाकीचे वागले नाहीत. ते आधी सहज ताणले जात आणि पुढे पुढे अधिकाधिक ताठ होत. आलेखावर सरळ रेषेऐवजी वर वळत जाणारी वक्ररेषा आली.

ही वक्ररेषा म्हणजे जीव वाचवणारी गोष्ट आहे. लांबट फुगा फुगवताना काय होते ते आठवा. तो सगळीकडे सारखा फुगत नाही. एका जागी गोळा येतो आणि बाकीचा तसाच बारीक राहतो. एकदा एखादा भाग रुंद झाला की त्याच दाबाखाली त्याच्या भिंतीवरचा ताण वाढतो, आणि रबर त्या ताणाला पुरेसे अडत नाही. धमनी साध्या रबराची असती तर रक्ताच्या दाबाने तिला असेच गोळे आले असते. फुगत जाईल तसतशी ताठ होणारी भिंत असेल तरच नळी नळी राहते. हे ताठ होणे येते कुठून, याचा सुंदर प्रयोग 1957 मध्ये कॅनडात मार्गोट रोच आणि ॲलन बर्टन यांनी केला. माणसाच्या धमन्यांच्या तुकड्यांतून, भिंतीतल्या दोन तंतुमय प्रथिनांपैकी, त्यांनी एकदा इलॅस्टिन काढून टाकले आणि एकदा कोलॅजन. इलॅस्टिन गेले की सुरुवातीची लवचीकता गेली. कोलॅजन गेले की शेवटचा ताठपणा गेला. कमी दाबाला इलॅस्टिनचे सहज ताणले जाणारे जाळे काम करते. दाब वाढला की तोवर सैल, वळ्या पडून असलेले कोलॅजनचे तंतू सरळ होतात आणि पुढे जाऊ देत नाहीत.

कोलॅजनच्या रचनेची गोष्ट भारतातली आहे. 1954 मध्ये मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी कोलॅजनचा रेणू तीन साखळ्यांचा असल्याचे प्रारूप मांडले. त्या तीन साखळ्या इतक्या जवळ असतात की आतल्या बाजूला दर तिसऱ्या जागी सगळ्यांत लहान अमिनो आम्ल, ग्लायसिन, हेच मावते. तिथे दुसरे काही आले तर काय होते ते एका दुर्दैवी जन्मजात आजारात दिसते: मुलाच्या आहारात कॅल्शियम हवे तितके असते, तरी हाडे साध्या धक्क्याने मोडतात. हाडाचे सुमारे दोनतृतीयांश वजन खनिजाचे, पण ते मोडू न देण्याचे काम बरेचसे कोलॅजनचे. हाड सौम्य आम्लात ठेवून खनिज काढले तर ते वाकते. जाळून कोलॅजन घालवले तर आकार तसाच राहतो आणि बोटाने चुरा होतो. खनिज तेवढे शिल्लक राहिलेले हे हाड गॅलिलिओच्या तुळईच्या सगळ्यांत जवळचे.

इथवर हाड म्हणजे एक पदार्थ होता, चांगला किंवा वाईट. ते जिवंत आहे, ही जाणीव या कल्पनेत झुरिकमधून शिरली. 1866 च्या सुमारास शरीररचनातज्ज्ञ हेर्मान फॉन मायर मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाचे उभे काप दाखवत होता. आतली बारीक जाळी कमानींसारखी वळत एकमेकींना छेदताना दिसते. पुलांचे आणि क्रेनचे गणित शिकवणाऱ्या कार्ल कुलमानला त्यात आपल्या वाकड्या क्रेनमधल्या ताण-दाबाच्या रेषा दिसल्या. बर्लिनचा शल्यचिकित्सक युलियस वोल्फ पुढे गेला. वाकडी जुळलेली हाडे कापून पाहताना त्याला आढळले की भाराची दिशा बदलली की जाळीही बदलते, आणि 1892 मध्ये त्याने याला नियम म्हटले. नियम हा शब्द जरा जास्तच झाला. कुलमानचे गणित सलग, एकजिनसी पदार्थाचे. हाडाची जाळी तशी नाही. पण मूळ निरीक्षण टिकले: हाड आपल्यावरच्या भारानुसार स्वतःला पुन्हा बांधते.

पुढचे प्रश्न किती आणि कसा भार, हे. 1984 मध्ये लान्स लॅन्यन आणि क्लिंटन रुबिन यांनी पक्ष्यांच्या पंखाचे हाड रोजच्या कामातून वेगळे काढून त्यावर ठरावीक भार दिला. भार सतत ठेवला तर हाडाला तो जाणवलाच नाही. ते वापरात नसल्यासारखे झिजले. पण तोच भार देऊन काढून घेतला, असे दिवसातून 4 वेळा केले तर झीज थांबली. 36 वेळा केल्यावर हाड वाढले. 360 किंवा 1800 वेळा केल्याने त्याहून अधिक काही मिळाले नाही. हाडाला ओझे कळत नाही, ओझ्यातला बदल कळतो. 1987 मध्ये अमेरिकेतल्या हॅरॉल्ड फ्रॉस्टने याला घरातल्या तापमान-नियंत्रकासारख्या यंत्रणेचे रूप दिले: ताणणे एका मर्यादेखाली गेले की हाड कमी होते, दुसऱ्या मर्यादेवर गेले की वाढते. अंतराळवीरांच्या खुब्यातून महिन्याला एक ते दीड टक्का हाड कमी होते. व्यावसायिक टेनिसपटूंच्या खेळत्या दंडाच्या हाडाची भिंत दुसऱ्या दंडापेक्षा सुमारे एकतृतीयांशाने जाड आढळली आहे. एकच माणूस, तेच जेवण, तेच कॅल्शियम.

म्हणूनच कॅल्शियमच्या जाहिराती पाहताना मला चिडचिड होते. चाळिशीच्या बाईला त्या सांगतात की हाड म्हणजे साठा आहे आणि गोळीने तो भरतो. कमतरता असेल तर कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व हवेच, डॉक्टर सांगतील तसे. पण विटा आणून टाकल्याने भिंत उभी राहत नाही. जिना चढणे, भराभर चालणे, वजन उचलणे यातून हाडाला बांधकामाचा निरोप मिळतो, आणि तो निरोप कुठल्याच डबीत मिळत नाही.

मात्र सगळे शरीर हाडासारखे उदार नाही, आणि इथे माझ्याच मुद्द्याला आवर घालायला हवा. इलॅस्टिन बहुतेक सगळे गर्भात आणि बालपणात तयार होते. मोठेपणी धमनीत नवे, कामाचे इलॅस्टिन फारसे बनत नाही. मिनिटाला 70 ठोके धरले तरी महाधमनी वर्षाला 3 कोटी 68 लाख वेळा ताणली जाते, आणि त्याच जुन्या जाळ्यावर. ते हळूहळू तुटते, भार कोलॅजनवर जातो, भिंत ताठ होते. नाडीची लाट तरुण धमनीतून सेकंदाला पाच-सहा मीटर जाते. ताठ धमनीत दहाच्या पुढे. धक्का साठवणारे कोणी उरत नाही, म्हणून उतारवयात वरचा रक्तदाब चढतो आणि खालचा उतरतो. चढलेला दाब त्याच भिंतीला अधिक ताणतो.

तेव्हा शरीराला दोन वेगळ्या रीतींनी वागवावे लागेल. हाडांना काम द्यावे, तेही थांबून थांबून आणि बदलत्या भाराचे. धमन्यांना मात्र जपावे: मीठ कमी करावे, तंबाखू सोडावी, आणि तिशीनंतर काही होत नसले तरी वर्षातून एकदा रक्तदाब मोजून घ्यावा.