शाखेच्या नावापलीकडे

नीटच्या गुणांवर एमबीबीएस मिळत नाही आणि जीवशास्त्राची ओढही सुटत नाही, अशा मुलामुलींची संख्या हिंगोली जिल्ह्यात कमी नाही. त्यांच्यासमोर आता ‘बायो’ लागलेल्या अभियांत्रिकी शाखा येतात. बायोटेक्नॉलॉजीत पेशी, जनुके आणि किण्वन शिकवतात. बायोमेडिकलचा मोठा भाग इलेक्ट्रॉनिक्स, सेन्सर आणि रुग्णालयातील यंत्रांचा असतो. बायोकेमिकलमध्ये प्रयोगशाळेतील प्रक्रिया कारखान्यात मोठ्या प्रमाणावर कशी चालवायची, हा मुख्य विषय. ‘गेट’ परीक्षेतही बायोटेक्नॉलॉजी आणि बायोमेडिकल यांचे पेपर वेगळे आहेत. बायोमेडिकलचा पेपर २०२० पासून सुरू झाला. माहितीपत्रकावर शेजारी छापलेल्या या नावांतून चार वर्षांनंतर अगदी वेगळ्या वाटा फुटतात.

पहिली चाळणी कॉलेजच्या आधीच लागलेली असते. राज्यातील अभियांत्रिकीच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेत सीईटीच्या पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटाचे गुण धरले जातात. डॉक्टरच व्हायचे म्हणून अकरावीत गणित सोडलेल्या मुलाला हे बारावीनंतर कळते, तेव्हा हातात फारसे काही उरलेले नसते. दहावीनंतर विषय निवडतानाच शाळेने आणि क्लासवाल्यांनी ही गोष्ट स्पष्ट सांगायला हवी.

दुसरी चाळणी पैशांची, आणि तिच्याबद्दल सर्वात कमी बोलले जाते. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत देण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२४ मध्ये घेतला. मात्र ती केंद्रीय प्रक्रियेतून झालेल्या प्रवेशालाच लागू आहे. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे तिच्यातून वगळली आहेत. ‘बायो’ शाखांच्या कितीतरी जागा नेमक्या अशाच विद्यापीठांत आहेत. सोयाबीन आणि हळदीच्या भावावर वर्षाचा हिशेब बसवणाऱ्या घराने हे आधी तपासले नाही, तर मुलीचे शिक्षण अर्ध्यात अडण्याची भीती खरी आहे.

मग चांगले कॉलेज ओळखायचे कशावरून? या क्षेत्रात मोठी कामे कुठे झाली, ते पाहिले की अंदाज येतो. कर्करोगावरील ‘नेक्सकार१९’ ही भारतीय बनावटीची पहिली कार-टी उपचारपद्धती आयआयटी मुंबईच्या जैवविज्ञान व जैवअभियांत्रिकी विभागातील राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेतून आली. टाटा मेमोरियल रुग्णालय सोबत होते म्हणून ती रुग्णांपर्यंत पोचली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला मान्यता मिळाली. त्याच आयआयटीत २०१४ मध्ये राज्य सरकारच्या मदतीने उभे राहिलेले ‘बेटिक’ हे केंद्र वैद्यकीय उपकरणे घडवते. प्रा. बी. रवी यांनी ते सुरू केले. तेव्हा ते तिथे मेकॅनिकलचे प्राध्यापक होते. पुण्याचे सीओईपी आणि नागपूरचे व्हीएनआयटी या कामात जोडले गेले, ते तिथल्या मूळ अभियांत्रिकीच्या बळावर. डॉक्टर, यंत्रशाळा आणि खरा रुग्ण जिथे एकत्र येतात, तिथे जैवअभियंता घडतो. शाखेच्या पाटीवर काय लिहिले आहे, याने त्यात थोडाच फरक पडतो.

या कसोटीवर जवळच्या संस्थांकडेही नव्याने पाहावे लागते. नांदेडला १९८१ पासून श्री गुरु गोबिंद सिंहजी अभियांत्रिकी संस्था आहे. तिथे केमिकल किंवा इन्स्ट्रुमेंटेशन शिकून पुढे एम.टेक.ला जैवअभियांत्रिकीकडे वळता येते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे अन्नतंत्र महाविद्यालय १९७६ पासून चालू आहे, तर लातूरला याच विद्यापीठाचे कृषी जैवतंत्रज्ञान महाविद्यालय आहे. कृषी विद्यापीठांच्या प्रवेशाची प्रक्रिया वेगळी असल्याने गणित सोडलेल्यांनी ही दारे आधी ठोठावावीत. शिवाय प्रश्न घरच्या शिवारातच आहेत. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, तिथे हरिद्रा संशोधन केंद्र आहे. कंदकूज न लागलेले बेणे, हळकुंडातील कुरकुमिनची झटपट तपासणी, शिजवण्या-वाळवण्यात होणारी त्याची घट, हे सगळे जैवअभियांत्रिकीचेच विषय. हिंगोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने यंत्रे सांभाळणाऱ्या माणसांची गरजही वाढणार आहे.

याचा अर्थ ‘बायो’ची पदवी घेऊ नये, असा नाही. पेशींमध्येच ज्याचे मन रमते, त्याला चार वर्षे उष्मागतिकीत डांबणे अन्याय आहे. पेशीसंवर्धनाची हातोटी उशिरा शिकणेही अवघड. पण आयआयटी दिल्ली, खरगपूर किंवा गुवाहाटीसारख्या ठिकाणी अशी पदवी घेणे वेगळे आणि नुकत्याच उघडलेल्या, चार सूक्ष्मदर्शकांच्या विभागात कर्ज काढून घेणे वेगळे.

म्हणून पर्याय भरण्याआधी पालकांनी एकदा तरी कॉलेजात जाऊन यावे. किण्वनयंत्र चालू आहे की झाकून ठेवले आहे, ते पाहावे. कोणत्या रुग्णालयाशी किंवा कारखान्याशी करार आहे आणि गेल्या वर्षी किती विद्यार्थी तिथे प्रत्यक्ष गेले, हे विचारावे. प्लेसमेंटच्या यादीतील मुले जीवशास्त्राशी निगडित कामात आहेत की सॉफ्टवेअर कंपनीत, याची खात्री शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी. समाधानकारक उत्तरे मिळाली नाहीत, तर नांदेडची केमिकल-इन्स्ट्रुमेंटेशनसारखी मूळ शाखा किंवा लातूरचे जैवतंत्रज्ञान निर्धास्तपणे निवडावे. हिंगोलीच्या विद्यार्थ्यासाठी तो अधिक भक्कम पर्याय आहे.