दौऱ्यावरचा व्यायाम

वाडीत रहाट चालवणाऱ्या किंवा केळीचे घड डोक्यावरून बाजारात नेणाऱ्या आपल्या आजोबांना कोणी 'रोज व्यायाम करता का?' असे विचारले असते, तर ते मनापासून हसले असते. आता आपली मुले-मुली दिवसभर खुर्चीवर बसून काम करतात. म्हणून त्यांतली पुष्कळ जण पहाटे जिमला जातात, वजने उचलतात, धावतात. हे चांगलेच आहे. अडचण येते ती कंपनीच्या कामासाठी महिन्यातले आठ-दहा दिवस दिल्ली, चेन्नई, दुबई असे फिरणाऱ्यांची. घरचा कडक नेम दौऱ्यावरही तसाच पाळायचा का? वरवर पाहता हा आरोग्याचा प्रश्न वाटतो, पण त्यात नीतीचाही प्रश्न दडलेला आहे.

आधी श्रेय द्यायला हवे. दौऱ्यावर माणूस सैल सुटतो. खर्च कंपनीचा, समोर बुफे मांडलेला, रात्री ग्राहकाबरोबर 'बसणे' आणि ओळखीचे कोणी बघायला नाही! अशा वेळी हॉटेलच्या खोलीत खुर्ची बाजूला सरकवून जो जोर-बैठका काढतो, तो एकांतातही स्वतःला दिलेला शब्द पाळतो. त्याला हसू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला मध्यम स्वरूपाचा १५० ते ३०० मिनिटे किंवा जोरकस स्वरूपाचा ७५ ते १५० मिनिटे व्यायाम सुचवला. शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायामही सांगितला. एवढ्यासाठी जिम लागत नाही. चार भिंती आणि थोडी जमीन पुरते.

परंतु काहींचे एवढ्यावर भागत नाही. बैठक रात्री अकराला संपते, सकाळी सातला विमान असते, तरी चारचा गजर लावून तासभर घाम गाळायचाच. झोप चार तासांची. का? तर 'एक दिवस चुकला की सगळे गेले.' ही भीती खरी नाही. १९८१ साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात आठवड्याचे सहा दिवस दमदार व्यायाम करणाऱ्यांनी तो दोन किंवा चार दिवसांवर आणला. व्यायामाचा जोर मात्र तोच ठेवला. पंधरा आठवड्यांनंतरही त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता टिकून होती. मग तीन दिवसांच्या दौऱ्याने काय बिघडणार? शरीर तर सुरक्षितच आहे. जपली जाते ती फोनमधली न तुटलेली दिवसांची रांग. नेम माणसासाठी आहे की माणूस नेमासाठी, हे इथे विचारावे लागते.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांच्यापुढे असाच एक प्रश्न होता : उपवासाचा नियम प्रवाशांना आणि कष्टकऱ्यांना लागू आहे काय? त्यांचे उत्तर मोठे व्यवहारी आहे. प्रवास सहज पुढे ढकलता येत असेल किंवा मजला कमी करता येत असतील, तर उपवास टाळायला कारण नाही. परंतु निघणे भागच असेल, मजल लांबची असेल आणि उपवासाने अंगातले त्राण जात असेल, तर तो बंधनकारक नाही. म्हणजे प्रवास ही सबब म्हणून वापरू नका, पण प्रवासाचा शीण खरा असेल तर तो मान्य करा. पवित्र उपवासालाही जिथे सूट आहे, तिथे आपण स्वतःच्या जिमच्या तक्त्याला सूट देत नाही!

अक्वायनस ज्यांना गुरू मानत, त्या ॲरिस्टॉटलने तर व्यायामाचेच उदाहरण घेतले होते. अति व्यायाम आणि अपुरा व्यायाम, दोन्हींनी बळ नासते. आणि मायलो पहिलवानाला जो आहार थोडा, तो नवशिक्याला जास्त होईल. माप माणसागणिक बदलते. ते दिवसागणिकही बदलते असे मी म्हणेन. आसिसीच्या संत फ्रान्सिसने आयुष्यभर आपल्या देहाला 'गाढव भाऊ' म्हणून राबवले, उपाशी ठेवले आणि मरणापूर्वी त्या देहाची क्षमा मागितली, असे त्याचे चरित्रकार सांगतात. संतालाही हिशेब चुकता करावा लागला.

आता जास्त अवघड भाग. तो तास येतो कुठून? कधी झोपेतून येतो, आणि मग दुपारच्या बैठकीत सहकाऱ्यांना त्याची चिडचिड सोसावी लागते. कधी खाली गाडी घेऊन थांबलेल्या ड्रायव्हरच्या वेळेतून येतो. कधी मुलीला रात्री करायच्या फोनमधून. (आणि रात्री अकरापर्यंत बैठका लांबवून वर 'तब्येत सांभाळा' असे सांगणारे साहेब यांचाही यात वाटा आहे, हे विसरून चालणार नाही.)

पण सर्वांत मोठा वाटा घरून येतो. नवरा दहा दिवस बाहेर असतो तेव्हा मुलांची शाळा, सासऱ्यांची औषधे, पाण्याचा टँकर, स्वतःची नोकरी, सगळे तीच बघते. तिला व्यायामाला अर्धा तास कोण देते? तो परत येतो आणि दुसऱ्या दिवशी सहा वाजता जिमला निघतो, कारण 'दौऱ्यात फारसे झाले नाही.' बाईचा नवरा फिरतीवर असेल तर तिचाही व्यायाम बुडतो, याची नोंद कुठल्याही फोनमध्ये होत नाही. नोकरीसाठी बाई फिरते आणि नवरा घर सांभाळतो, तिथेही हेच लागू आहे.

काही घरांत यावर साधी वाटणी झालेली दिसते. तो दौऱ्यावरून आला की पुढचे तीन दिवस पहाट तिची. ती मैत्रिणींबरोबर समुद्रापर्यंत चालत जाऊन येते, आणि तोवर मुलांचे डबे तो भरतो. त्याची वजने तेवढे दिवस कोपऱ्यात पडून असतात.