सडा-सारवण आणि भूतदया

गेल्या दशमीला आमच्या गावच्या मंदिरात एका तरुण सेवेकऱ्याने कीर्तनाआधी सभामंडप धुतला. शहाबादी फरशीवरचे डाग निघेनात, म्हणून त्याने ॲसिड ओतले, वर साबणाचे पाणी. डाग गेले, पण फरशीचे तेजही गेले. आणि ओल्यावरून एक वृद्ध माळकरी घसरून पडले. पोराच्या डोळ्यांत पाणी आले. म्हणाला, "बुवा, माझा भाव तर शुद्ध होता ना?"

सज्जनहो, हा प्रश्न लहान नव्हे. देव भावाचा भुकेला, हे खरेच. पण भाव शुद्ध म्हणून सेवा आपोआप शुद्ध ठरते काय? आई लेकराला औषध पाजते ती मायेनेच. पण बाटली न पाहताच पाजील, तर ती माया काय कामाची? ज्याची सेवा करायची त्याची प्रकृती जाणणे, हाही भावाचाच भाग आहे.

शहाबादी, कडप्पा, संगमरवर हे सारे चुन्याच्या अंशाचे दगड. ॲसिडच काय, लिंबाचा रसही त्यांना खातो. त्यांना सौम्य साबणाचे पाणी, मग स्वच्छ पाणी आणि शेवटी कोरडे फडके पुरे. सारवलेल्या भुईवर पाणी ओतले तर पोपडे निघतात. ती हलक्या हाताने झाडावी, उखडेल तेथे शेणमातीने सारवावी. लाकडी तक्तपोशीला घट्ट पिळलेले फडकेच बरे. आणि मोठे पथ्य हे की, ब्लीचिंग पावडर व ॲसिड कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. कोंदट न्हाणीघरात तो पुसणाराच्या जिवावर बेततो. ते पुसणारे हात बहुधा घरच्या लेकीसुनेचे किंवा मोलकरणीचे असतात, हे विसरू नये.

श्रीगाडगेमहाराज (१८७६–१९५६) दिवसा गाव झाडीत आणि रात्री कीर्तन करीत. त्यांच्या खराट्यापुढे नुसता केर नव्हता, त्या वाटेने चालणारा माणूस होता. आमच्या सेवेकऱ्याला फरशी दिसली, माणूस दिसला नाही. एवढेच त्याचे चुकले.

आपण वारकरी एकमेकांच्या पाया पडतो. ज्या पायांवर माथा ठेवायचा, तेच पाय आपल्या हातून घसरावेत काय? म्हणून आतून दाराकडे पुसत यावे, भुई वाळेपर्यंत दाराशी उभे राहावे, आणि येणाऱ्याला म्हणावे, "माउली, जरा थांबा, ओले आहे." तेवढे थांबणे हीसुद्धा पूजाच.

रामकृष्णहरी!