धुराची पावती

नाताळच्या आदल्या आठवड्यात आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध माता हातात कागद घेऊन माझ्याकडे आली. परदेशी नोकरी करणाऱ्या मुलाने नाताळची भेट म्हणून तो पाठविला होता. तो विमानाने घरी येणार होता. त्या प्रवासात जो कर्बवायू हवेत मिसळणार, त्याची भरपाई म्हणून त्याने एका संस्थेकडे पैसे भरून कुठेतरी झाडे लावविली होती आणि प्रमाणपत्र आईच्या नावे केले होते. मी ते वाचून दाखविल्यावर माउलीने विचारले, ‘‘फादर, इमानान येतलो तो, मगे पावती माज्या नावार कित्याक?’’

मला चटकन उत्तर देता आले नाही. २०२५ च्या ज्युबिली वर्षात मी स्वतः विमानाने रोमची यात्रा करून आलो होतो.

प्रथम मुलाची बाजू न्यायाने मांडली पाहिजे. कर्बवायूला देशांच्या सीमा नसतात. तो लंडनवर सुटला काय किंवा मालवणवर, पृथ्वी सारखीच तापते. म्हणून इथे सोडलेला टनभर वायू अन्यत्र वाचविला तर हिशेब जुळतो. १९९७ च्या क्योटो करारानेही श्रीमंत राष्ट्रांना गरीब राष्ट्रांतील प्रकल्पांकडून अशी बचत विकत घेण्याची मुभा दिली होती.

परंतु त्यासाठी दोन गोष्टी खऱ्या ठराव्या लागतात. ते पैसे मिळाले नसते तर झाड लागलेच नसते, ही एक. आणि लावलेले झाड अनेक वर्षे जगेल, ही दुसरी. विमानाचा धूर आजचा आणि निश्चित असतो. रोपाचे जगणे मात्र उद्यावर अवलंबून असते. मे २०२१ मधील तौक्ते वादळाने आपल्या किनाऱ्यावरचे माड आणि आंबे कसे आडवे केले, हे आपण विसरलेलो नाही. व्हॅटिकनलाही असा अनुभव आला. हंगेरीत रान लावून व्हॅटिकनच्या धुराची भरपाई करण्याची एका कंपनीची भेट २००७ साली स्वीकारली गेली. तिथे झाडे लागलीच नसल्याचे २०१० मध्ये वृत्तपत्रांत आले. उलट, पोप सहावे पॉल सभागृहाच्या छपरावर २००८ साली बसविलेली सौरतावदाने वीज देऊ लागली.

याहून मोठा प्रश्न विवेकबुद्धीचा आहे. पापदंडाच्या क्षमेसाठी द्रव्य घेण्याच्या प्रथेने ख्रिस्तसभेला एकेकाळी मोठी जखम केली. ट्रेंटच्या परिषदेने १५६३ साली त्या द्रव्यलोभाचा निषेध केला आणि १५६७ मध्ये पोप पाचवे पायस यांनी पैशांशी जोडलेल्या सवलती रद्द केल्या. भरपाई करणे हा दोष नव्हता. पश्चात्तापाच्या जागी पैसा येऊन बसला, हा दोष होता. जक्कयाने चौपट परतफेड कबूल केली ती ज्यांना नाडले त्यांना, आणि पुढे नाडणे चालू ठेवण्यासाठी नव्हे. कर्बाच्या खरेदी-विक्रीतून नवी सट्टेबाजी उभी राहील आणि काहींच्या अतिउपभोगाला निमित्त मिळेल, असा इशारा पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात दिला, तो याच अर्थाने.

आता त्या माउलीचा प्रश्न. ती एस.टी.ने बाजारात जाते. विमानात तिने कधी पाऊल ठेवलेले नाही. तिच्या खात्यावर हे कर्ज नाहीच. उलट, वाढत्या समुद्राची आणि वादळांची झळ तिच्या अंगणाला लागते, म्हणून या व्यवहारात ती धनको आहे. धनकोला ऋणकोने स्वतःच्याच कर्जाची पावती भेट द्यावी, हे विपरीत आहे.

मुलगा आल्यावर मी त्याला एवढेच सांगितले: वर्षातून दोनदा आठवडाभर येण्याऐवजी एकदाच ये आणि महिनाभर आईजवळ राहा. कांदळवन राखणाऱ्यांना द्यायचे असेल तर अवश्य दे, पण दान म्हणून. त्यातून स्वतःचा धूर वजा करू नकोस. त्याने रागावून विचारले, ‘‘आणि तुमची रोमयात्रा?’’

त्याचे म्हणणे योग्य होते. धर्मग्रामाची पुढची यात्रा वेळांकण्णीची आहे, ती आम्ही आगगाडीने करणार आहोत. रोमचा धूर मात्र माझ्या नावावर आहे, आणि त्याची पावती मी घेतलेली नाही.