'ग्रोथ' नावाचा रकाना

आमच्या एक्सेल शीटमध्ये पाच उपनगरं होती. उलवे, नवीन पनवेल, तळोजा, डोंबिवली आणि बदलापूर. प्रत्येकापुढे रकाने: कार्पेट किती, भाव किती, स्टेशन किती लांब, पाणी येतं का, मला ऐरोलीच्या ऑफिसला पोचायला किती वेळ, नवऱ्याला परळला किती. शेवटचा रकाना नवऱ्याने पिवळा रंगवला होता. ग्रोथ. त्यात दहापैकी मार्क द्यायचे.

उलव्याला आम्ही नऊ दिले. एक मार्क का कापला ते आता आठवत नाही, बहुधा पाण्यामुळे. बाकी सगळं उलव्याच्या बाजूने होतं. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, २१.८ किलोमीटर, शिवडीहून थेट पलीकडे. त्याच दिवशी खारकोपरच्या पुढची लोकल उरणपर्यंत गेली. २०२५ च्या ऑक्टोबरात विमानतळाचं उद्घाटन झालं आणि डिसेंबरात विमानं उडू लागली. आमच्या बजेटमध्ये बसणाऱ्या भागांत एवढं एकदम कुठे घडलं असेल, तर इथेच.

मग आम्ही साइट व्हिजिटला गेलो. सॅम्पल फ्लॅट बघितला. सॅम्पल फ्लॅटमधला पलंग नेहमीच्या पलंगापेक्षा लहान असतो हे मला एव्हाना कळलं होतं, त्यामुळे मी बेडरूम पावलांनी मोजली. वन बीएचके, ६८ लाख. पंधराव्या मजल्याच्या बाल्कनीतून खाली कौलारू घरांचा एक पुंजका दिसत होता. एक देऊळ, दारात सुकत घातलेली जाळी, दोन-तीन टोलेजंग बंगले आणि त्यांच्यामध्ये अडकलेली बैठी घरं. माझी नजर तिकडे गेलेली बघून ब्रोकर म्हणाला, "मॅडम, अजून गाव शेजारी आहे. पण दोन-तीन वर्षांत क्राउड बदलेल. तेव्हा हा रेट मिळणार नाही."

मी मान हलवली. समजल्यासारखी. म्हणजे खरंच समजलं होतं. तो सांगत होता, इथली माणसं जातील, म्हणून तुमचा फायदा आहे. आणि मी म्हटलं, हो का, छान.

ही मान हलवणं मला नंतर बरेच दिवस चावत राहिलं. कारण त्याच्या दोन वर्षं आधी मी त्या बैठ्या घरातल्या माणसाच्या जागी होते. आम्ही नेरुळला भाड्याने राहायचो. अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट संपलं तेव्हा घरमालकाने भाडं एकवीस हजारांवरून सत्तावीस केलं. घरात काहीही बदललं नव्हतं. बाथरूमचा नळ तसाच गळत होता. "विमानतळ येतोय, मार्केट बदललंय," एवढंच तो म्हणाला. आम्ही सामान टेम्पोत भरून घणसोलीला आलो. त्या आठवड्यात मी ज्याला त्याला सांगत होते की ही लूट आहे, माणसाने कमवायचं किती आणि भाड्यात घालवायचं किती.

म्हणजे जी गोष्ट भाडेकरू म्हणून मला लूट वाटली, तिलाच मालक होण्याच्या तयारीत असताना मी दहापैकी नऊ मार्क दिले. मधल्या काळात माझ्या विचारांत काही क्रांती झाली नव्हती. फक्त आमचं होमलोन मंजूर झालं होतं.

या 'ग्रोथ'मध्ये नेमकं वाढतं काय? भात वाढतं, मूल वाढतं. इमारत वाढत नाही, ती जुनी होते. प्लास्टर सुटतं, लिफ्ट बंद पडते, गच्चीचं वॉटरप्रूफिंग दर काही वर्षांनी करावं लागतं. आठ वर्षांनी तो फ्लॅट आजच्यापेक्षा वाईट अवस्थेत असणार आणि तरी त्याची किंमत दुप्पट व्हावी अशी आमची अपेक्षा होती. दुप्पट होणार होती ती जागेची किंमत, आणि जागेला किंमत आणणाऱ्या एकाही गोष्टीत माझा हात नाही. पूल सार्वजनिक पैशातून झाला. विमानतळासाठी उलव्याची टेकडी फोडली, नदीचा प्रवाह वळवला, दहा गावं उठवली. मी यांतलं काय केलं? वेळेवर टोकन दिलं.

जॉन स्टुअर्ट मिलने अशा वाढीला 'न कमावलेली' म्हटलं होतं. पुढे हेन्री जॉर्ज या अमेरिकन माणसाने १८७९ मध्ये त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. म्हणणं साधं होतं: जमिनीची किंमत सगळा समाज मिळून वाढवतो, तर ती वाढ एकट्या मालकाच्या खिशात का जावी? गंमत म्हणजे हा विचार आपल्याकडच्या तलाठ्यालाही नवा नाही. सरकारने दिलेली जमीन शेतकऱ्याला विकायची असेल तर नजराणा भरावा लागतो, आणि महसूल खात्याच्या कागदात त्यासाठी 'अनर्जित' असा शब्दच आहे. अर्जित नाही ते अनर्जित. शेतकऱ्याच्या बाबतीत सरकारला हा शब्द बरोबर आठवतो. सॅम्पल फ्लॅटमध्ये त्याला अप्रिसिएशन म्हणतात.

हे सगळं मी ऑफिसातल्या एका मित्राला जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. तो आगरी, विमानतळात गेलेल्या गावांपैकी एका गावचा. चिंचपाडा, कोपर, कोल्ही, वाघिवली, तरघर ही नावं मला तोवर फक्त बातम्यांतून माहीत होती. तो म्हणाला, "आमचं गाव आता कंपाउंडच्या आत आहे. शाळा कुठे होती ते मला अजून बोट ठेवून दाखवता येईल, पण आत कोण सोडणार?" मग त्याने आजोबांचं सांगितलं. सिडको १९७० मध्ये आली, ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायच्या ठरल्या. मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या मागे लोक उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई-उरणच्या भागात पोलिसांचा गोळीबार झाला, पाच जण गेले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत. त्यातूनही सुविधांसाठी कपात होऊन हातात पावणेनऊ. (आज मी फ्लॅट घेऊन काही वर्षांनी नफ्यात विकला तर त्या नफ्यावर केंद्र सरकार साडेबारा टक्के कर घेईल. आकडा तोच, बाजू वेगळी. त्याच्या आजोबांकडे साडेबारा उरले, माझ्याकडून साडेबारा जातील.)

मला वाटलं, आता हा मला म्हणणार, उलव्यात घर घेऊ नकोस. तो म्हणाला, "घे की. साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर बिल्डिंगी झाल्या म्हणून आमच्या लोकांना चार पैसे दिसले. तुम्ही नाही आलात तर आमचा प्लॉट घेणार कोण?" आणि मग डबा बंद करता करता हसत म्हणाला, "मी पण कर्जतच्या पुढे पाच गुंठे घेतलेत. शेतकरी म्हणत होता दोन वर्षं थांबा, पोरीचं लग्न होऊ दे, मग बघू. मी म्हटलं, थांबलो तर तुझा भाव वाढेल. आत्ताच दे."

हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर अपराधीपणा नव्हता आणि मी तो शोधत होते याची मलाच लाज वाटली. कारण मला सोयीचं होतं की तो तरी स्वच्छ असावा. ज्याचं गेलं त्याने निदान दुसऱ्याचं घेऊ नये, अशी आपली एक अपेक्षा असते. पण त्याने का नाही घ्यायचं? त्याने फक्त एवढंच शिकून घेतलं होतं की जो आधी पोचतो तो जिंकतो, आणि त्याचे आजोबा आधीपासून तिथेच असूनही हरले होते.

'तू नाही घेतलंस तर दुसरा कुणीतरी घेईल' हे नवऱ्याचं म्हणणं. ते खरं आहे. माझ्या एका वन बीएचकेने उलव्याचा भाव रुपयानेही हलणार नाही. त्यामुळे 'मी घेऊ का नको' हा प्रश्न नैतिक दृष्टीने जवळजवळ पोकळ आहे. राहायला घर लागतं, ते कुठेतरी घ्यावं लागतं, आणि मुंबईच्या आसपासची प्रत्येक जागा आधी कुणाची तरी शेती, मिठागर, खाजण किंवा गिरणी होती. मला त्रास होत होता तो घेण्याचा नाही. घेतल्यानंतर पुढची वीस वर्षं मी मनातल्या मनात काय मागत राहणार, याचा होता.

त्याचा हिशेब मी एका रात्री केला. आमचं कर्ज ५२ लाखांचं, आठ टक्क्यांनी वीस वर्षं, महिन्याला साडेत्रेचाळीस हजार. माझा धाकटा भाऊ चोवीस वर्षांचा आहे. कराडहून आलाय, आमच्याच हॉलमध्ये झोपतो, महापे एमआयडीसीत पहिली नोकरी. आठ वर्षांनी तो बत्तीसचा होईल, म्हणजे आज माझं आहे त्या वयाचा, आणि बहुधा याच भागात घर शोधत असेल. आमचं गणित बरोबर आलं तर तेव्हा याच घराला १ कोटी ३६ लाख लागतील. म्हणजे आमच्या पिवळ्या रकान्यातले नऊ मार्क खरे व्हायचे तर माझ्या भावाला घर परवडता कामा नये. किंवा त्याला परवडलंच तर त्याच्यासारख्या दुसऱ्या कुणाला तरी. वाढलेली किंमत आकाशातून पडत नाही, ती नंतर येणारा भरतो. तो येईपर्यंत त्याला चेहरा नसतो, म्हणून ते बोचत नाही. माझ्या बाबतीत चेहरा होता आणि तो उशी डोक्यावर घेऊन घोरत होता.

इथपर्यंत मी बरीच खात्रीने आले होते. मग बाबांचा फोन आला.

डाउन पेमेंटमध्ये बाबांच्या फंडातले आठ लाख आहेत. ते एसटीच्या वर्कशॉपला मेकॅनिक होते. पेन्शन महिन्याला तीन हजारांच्या आत. मी त्यांना माझा सगळा विचार सांगितला, जरा फुशारकीनेच, की भाव वाढावा अशी इच्छा करणंच मला चुकीचं वाटायला लागलंय. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "बाळा, मग माझे आठ लाख वाढायचे कशात?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही पूर्ण नाही. पुरेशी पेन्शन नाही, आजारपणात कुणी बघणार नाही, बँकेतलं व्याज महागाईच्या मागे धावतंय, अशा माणसाला घराचा भाव ही म्हातारपणाची काठी असते. हव्यास नसतो तो, किंवा नुसता हव्यास नसतो. जिथे म्हातारपणाची सोय आधीच लागलेली आहे तिथे बसून घराला 'फक्त निवारा' म्हणणं सोपं आहे. आपल्याकडे सरकारने काठी दिली नाही म्हणून प्रत्येकाने एकेक फ्लॅट धरलाय, आणि प्रत्येकाची काठी मजबूत व्हायला पुढच्या पिढीचं भाडं वाढावं लागतं. बाप आणि धाकटा भाऊ, दोघांचं भलं एकाच आकड्यात बसत नाही. मी बाबांना म्हटलं, तुमचे आठ लाख मी परत करीन, घराच्या भावातून नाही, पगारातून. ते म्हणाले, बरं. त्यांचा विश्वास बसला असं वाटलं नाही.

उलव्याला आम्ही आणखी एकदा गेलो, ब्रोकरला न सांगता, संध्याकाळी साडेसातनंतर. पझेशन होऊन तीन वर्षं झालेली एक इमारत निवडली आणि समोरच्या खिडक्या मोजल्या. अठ्ठावीसपैकी नऊ खिडक्यांत उजेड होता. बाकी घरं वाढत होती. गेटवर पाण्याचा टँकर लागलेला. बामणडोंगरीला आलो तर पुढच्या गाडीला चाळीस मिनिटं. प्लॅटफॉर्मवर बसून नवऱ्याने मोबाइलवर शीट उघडली आणि म्हणाला, "समज, भाव अजिबात वाढलाच नाही. वीस वर्षं तेवढाच राहिला. तर यातल्या कुठल्या घरात राहायला आवडेल?"

हा प्रश्न आम्ही चार महिने विचारलाच नव्हता. शीटमध्ये राहण्याचे रकाने होते, पण ते सगळे पिवळ्या रकान्याला टेकून उभे होते. भाव वाढणार म्हणून लांबचं स्टेशन चालत होतं, भाव वाढणार म्हणून टँकरही चालत होता.

शेवटी नवीन पनवेलला रीसेलमध्ये घेतलं. बावीस वर्षं जुनी इमारत, दुसरा मजला, लिफ्ट नाही. स्टेशनला चालत जाता येतं, भाजीवाली खालीच बसते, हॉल एवढा आहे की भावाला पाय लांब करून झोपता येतं. ब्रोकरने शेवटपर्यंत समजावलं की जुन्या इमारतीत ग्रोथ नाही. मी फार शुद्ध झाले असं समजू नका. पनवेल काही विमानतळाच्या सावलीबाहेर नाही, हे आम्हा दोघांनाही टोकन देताना पक्कं माहीत होतं. आणि या इमारतीखालीही भाताची खाचरं असणारच.

रजिस्ट्रेशन होऊन पाच महिने झाले. गेल्या आठवड्यात आमच्याच विंगमधला वरचा फ्लॅट विकला गेला. किती ला गेला ते सोसायटीच्या वॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलं. आमच्यापेक्षा चार लाखांनी जास्त. मी तो मेसेज स्वयंपाकघरात उभी राहून दोनदा वाचला. हॉलमधून भावाने विचारलं, "ताई, काय गं, का हसतेस?"

मी म्हटलं, काही नाही, एक फॉरवर्ड आहे.