काइनाची खूण



मध्य अमेरिकेतील एल साल्वाडोर हा देश आपल्याला ठाऊक आहे तो संत ऑस्कर रोमेरो यांच्यामुळे. 24 मार्च 1980 रोजी मिस्सा अर्पण करीत असताना या महागुरुस्वामींना गोळी घालण्यात आली. त्यानंतर बारा वर्षे तिथे यादवी युद्ध चालले. 1992 साली करार झाला, पण शांती आली नाही. युद्धाच्या भीतीने अमेरिकेत गेलेल्या कुटुंबांतील काही मुले लॉस एंजेलिसच्या टोळ्यांत शिरली होती. त्यांना मायदेशी परत धाडले गेले आणि त्यांच्यासोबत टोळ्याही आल्या. दुकानदार असो वा बसचालक, प्रत्येकाकडून हप्ता. (हा शब्द आपल्याला कुणी समजावून सांगायला नको!) हप्ता चुकला की जीव गेला.

2012 साली तेथील एक बिशप व एक माजी बंडखोर यांनी तुरुंगातील टोळीप्रमुखांशी बोलून तह घडवला. रोजचे बारा-चौदा खून पाच-सहावर आले. तह मोडला, आणि 2015 साली एका वर्षात साडेसहा हजारांहून अधिक माणसे मारली गेली. म्हणजे लाखामागे शंभरावर. आपल्या देशात हे प्रमाण दोन-तीनच्या आसपास असते. पुढे आकडा उतरत गेला. मात्र 26 मार्च 2022 या एकाच शनिवारी 62 खून झाले. दुसऱ्याच दिवशी आणीबाणी लागू झाली आणि धरपकड सुरू झाली. 2023 साली वर्षभरात 154 खून नोंदले गेले.

ज्या आया मुलगा घरी परतेपर्यंत दाराशी उभ्या राहत, त्या आता निवांत झोपतात. या आनंदाला आपण नाके मुरडू नयेत. तेथील जनतेने 2024 मध्ये त्याच राष्ट्राध्यक्षांना भरघोस मतांनी पुन्हा निवडून दिले, ते उगाच नव्हे.

पण ऐंशी हजारांवर लोक तुरुंगात गेले. कुणी निनावी फोनवरून, कुणी अंगावरील गोंदणावरून. हजारो निरपराध होते, हे सरकारनेच मान्य करून त्यांना सोडले. शेकडो जण मात्र कोठडीत मरण पावले, आणि त्यांची गणना खुनांच्या आकड्यात होत नाही.

उत्पत्तीच्या पुस्तकातील काइन आपल्याला आठवतो. हाबेलच्या एकट्याच्या रक्ताचा हिशेब देवाने मागितला. प्रमाण किती, हे पाहिले नाही. आपण तिथेच थांबतो. पुढचे वाचायला आपल्याला जड जाते, कारण देवाने त्या खुन्याच्या अंगावर खूण केली ती त्याला कुणी ठार मारू नये म्हणून. एल साल्वाडोरमध्ये अंगावरची खूण हाच गुन्ह्याचा पुरावा झाला आहे. खरे सांगायचे तर, हप्ता मागणारा आपल्या दारी आला असता तर आपणही खूण पाहूनच निवाडा केला असता.

आजच्या मिस्सातील श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत दोन विनवण्या आहेत. एक, त्या देशात टोळ्यांनी मारलेल्यांसाठी. दुसरी, आतल्या मुलाची काहीच खबर नसताना तुरुंगाच्या फाटकाशी त्याच्यासाठी अन्न व साबणाचे पुडके घेऊन येणाऱ्या आयांसाठी. दुसऱ्या विनवणीलाही आपण मोठ्याने प्रतिसाद देऊ या.